मेंढ्याची शिंगं आणि माझी मान

हे मी माझ्या हातानं लिहायलोय. ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण आठ महिन्यांखाली मला सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. डॉक्टरनी सांगितलं, रोज एक पान लिहा, बोटं सुटतील. माझी शाळा तिसरीपर्यंत. रोज एक पान लिहायचं म्हणजे लिहायचं तरी काय? माझी लेक सुजाता बीदरला मैलूरमध्ये राहते, शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अप्पा, आजारपणच लिवा की. कुणाच्या तरी कामाला येईल." तिनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलंय. बाकी एका शब्दाला हात लावायचा न्हाई, असं मी तिला बजावलंय.

मी मुडबीचा. दोन एकर तूर आणि एक सायकल, एवढी माझी ओळख. त्यातही सायकलीची जास्त. तरुणपणी बीदरला एका विमानवाल्या साहेबाच्या बगीच्याला पाणी घालायचो. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं त्याची रेसची सायकल मला दिली. पातळ टायर, हलकी, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वाकलेलं. ती घेऊन गावात आलो तर पोरं म्हणाली, "अण्णानं मेंढा आणला!" तेव्हापासून सायकलीचं नाव मेंढा आणि माझं नाव मेंढेवाले अण्णा. शिंगं धरायची, मुंडी खाली घालायची, पुढची खडी दिसण्यापुरती मान वर काढायची आणि सुटायचं. चाळीस वर्षं मला कुणी मागं टाकलं नाही. मोटरसायकलवाल्यांनी टाकलं, ते मी मोजत नाही.

बायकोचं, शेवंताचं, मेंढ्याशी कधी पटलं नाही. रेसच्या सायकलीला मागं कॅरियर नसतं. शिंगाला पिशवी अडकवली तर गुडघ्याला लागते. "ना माणूस बसतंय, ना मेथीची जुडी बसतीय. कशाला पाळलाय हा?" असं ती म्हणायची. मी ऐकायचो नाही.

जोम

आधी हाताला मुंग्या आल्या. मग बोटं जाड वाटायला लागली, मोजे घातल्यासारखी. चहाची बशी हातातून सुटली. विळा धरला तर धरलाय की नाही ते बघून कळायचं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिली कुऱ्हाड मेंढ्यावर पडली असती, हे मला ठाऊक होतं.

शेवटी एकटाच एसटी धरून बीदरला गेलो. सुजातालाही कळवलं नाही. नसांचे डॉक्टर म्हैसूरकडचे, त्यांना मराठी येत नव्हती. नर्सबाई म्हणाल्या, "अज्जा, सोबत कुणी नाही का? मी सांगू का डॉक्टरना?" मी म्हणालो, "मला कन्नड येतंय. बसवकल्याणच्या बाजारात मी चाळीस वर्षं तूर विकायलोय."

डॉक्टरनी माझे हात हातात घेतले आणि विचारलं, "कैयल्ली जोमु इदेया?"

कैयल्ली म्हणजे हातात. इदेया म्हणजे आहे का. आणि जोमु? जोम हो! हातात जोम आहे का, असं विचारायला लागले. मला असा राग आला. बीदरपर्यंत माणूस आपल्या पायानं आलाय आणि हे विचारतात जोम आहे का! मी छाती काढून म्हणालो, "इदे! तुंबा इदे!" आहे, भरपूर आहे.

"याव कैयल्ली?" कोणत्या हातात?

"एरडू कैयल्ली!" दोन्ही!

डॉक्टर जरा पुढं सरकले. "यावागिनिंद?" कधीपासून?

मी म्हणालो, "हुट्टिदागिनिंद!" जन्मल्यापासून!

डॉक्टरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ लिहिलं. नवीन काही त्रास? मी म्हणालो, एनू इल्ल. काही नाही. साखर तपासायला सांगितली, रक्त तपासायला सांगितलं, गोळ्या दिल्या आणि रिपोर्ट घेऊन महिन्यानं बोलावलं. मी खूश होऊन एसटीत बसलो. डॉक्टरला चांगलं दाखवून आलो, असं वाटलं.

त्यांच्या कन्नडमध्ये जोमु म्हणजे हात बधिर होणं, मुंग्या येणं. आमच्या बाजारात हा शब्द कधी आला नव्हता. तुरीला काय मुंग्या येतात?

कडब्याची गंजी

पुढच्या महिन्यात उतारावर मेंढा सुटला आणि मी ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटलं दाबला. बोटं ब्रेकवरच होती, पण दाबायचं विसरली होती. समोर म्हैस, बाजूला कडब्याची गंजी. मी गंजी निवडली. लोकांनी मला पायाला धरून बाहेर काढलं. सरपंचाचा भाऊ म्हणाला, "अण्णा, मेंढा चारायला आणला व्हय?" सगळे हसले. मीही हसलो, पण उठून उभं राहताना पाय भलतीकडंच पडायला लागले. दारू प्यालेल्यासारखे. शेवंता हसली नाही. तिनं सुजाताला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी लेक आणि मी परत त्याच डॉक्टरांच्या समोर. सुजातानं माझी फाईल उघडली आणि वाचता वाचता थांबली.

"अप्पा, तुमचे दोन्ही हात जन्मापासून बधिर हायत?"

"कोण म्हणतंय?"

"तुम्हीच म्हणालाव. हितं लिहिलंय."

"मी जोम हाय म्हणालो!"

सुजातानं दोन क्षण माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं वळून कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. आधी नर्सबाई भिंतीकडं तोंड करून हलायला लागल्या. मग डॉक्टरांनी टेबलावर डोकं टेकलं. हसू आवरल्यावर त्यांनी मला विचारलं, "अज्जा, मराठी जोमु, गुड?" मी मान हलवली. ते म्हणाले, "कन्नड जोमु, बॅड."

आणि मग ते हसायचे थांबले. त्यांनी मला मूठ उघड-झाक करायला लावली, दहा सेकंदात किती वेळा होते ते बघायला. मी जोर लावला. आठ. सुजातानं सहज केली, वीसच्या वर. मग मशीनच्या बोगद्यात घातलं. आतमध्ये कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारायलंय असा आवाज. संध्याकाळी फोटो आला. मानेत एका जागी नसांचा दोर असा चेपला होता, जसं दाराच्या फटीत दावं सापडावं.

डॉक्टर म्हणाले आणि सुजातानं मराठीत सांगितलं: ऑपरेशन लवकर करावं लागेल. नाही केलं तर हात जातील, मग पाय. केलं तर जे आहे ते राहील. जे गेलंय ते परत येईलच असं नाही.

एक महिना वाया गेला होता. डॉक्टरांनी एका शब्दानंही दोष दिला नाही. दोष माझा होता. मला कन्नड येतं हे दाखवायचं होतं.

मी एकच प्रश्न विचारला. "सायकल?"

सुजाता म्हणाली, "अप्पा, जीवाचं इचारा की आधी!"

मी म्हणालो, "तेच इचारायलोय."

सही

ऑपरेशनच्या सकाळी मानेमागचे केस काढले. एक बाई कागद घेऊन आल्या, खाली सही करा म्हणाल्या. मी पेन धरला, पेन गादीवर पडला. परत धरला, परत पडला. बाई चांगल्या मनाच्या. म्हणाल्या, "राहू द्या अज्जा, अंगठा द्या." आणि शाईची डबी उघडली.

हे जरा लिहितो, मग पुढं जातो. माझा बाप जन्मभर अंगठा देत आला. मजुरीच्या वहीवर अंगठा, रेशनवर अंगठा. मला तिसरीपर्यंत घातलं ते एवढ्यासाठीच. माझ्या डाव्या अंगठ्याला धरून म्हणायचा, "ह्याला शाई लागू देऊ नको. लागली तर माझी शपथ." शाळा सुटली, पण सही सुटली नाही. कोणत्याही कागदावर मी अंगठा दिला नाही. बँकेत रांग अडवून सही केली.

मी बाईंना म्हणालो, "थांबा." खाटेशी बसलेली शेवंता उठली. तिनं माझ्या मुठीत पेन बसवला आणि वरून तिच्या डोक्याचा रुमाल करकचून गुंडाळला. हात सगळा खांद्यातून ओढत मी नाव लिहिलं. एकेक अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. बाहेर स्ट्रेचर थांबलेलं. शेवटची वेलांटी झाल्यावर त्या बाईंनीच टाळी वाजवली.

भीती वाटली का? वाटली. स्ट्रेचर हललं तेव्हा छत सरकायला लागलं आणि मला वाटलं आता जगात फक्त छतच बघायला मिळणार. पण सही केली होती, म्हणून आत जाताना मान ताठ होती. (तशीही ताठच होती, पट्टा बांधला होता.)

पट्टा

ऑपरेशन चांगलं झालं. आता दवाखान्याचं सांगतो. सकाळी सहाला टेंपरेचर. सातला इडली. आठला डॉक्टर, आणि त्यांचा एकच प्रश्न: "जोमु?" मग मी बोटं एकेक करून दाखवायचो. हे गेलं, हे अर्धं, हे अजून तसंच. मग मूठ. आठाची दहा झाली. दहाची तेरा. शेजारच्या खाटेवर भालकीचे एक मास्तर होते, त्यांचंही मानेचंच. आमची मुठींची शर्यत लागायची. मास्तर अर्धीच मूठ उघडून मोजायचे, लबाड. मी त्यांना दोनदा पकडलं.

मग मैलूरला लेकीच्या घरी, गळ्यात पट्टा. हे दिवस वाईट गेले, तेही लिहायला पाहिजे. मला घास शेवंता भरवायची. बटणं ती लावायची. एके दिवशी वरचं बटण लावताना तिचा हात हनुवटीला लागला आणि मी तिच्यावर ओरडलो, असं ओरडलो की शेजारीण खिडकीत आली. शेवंतानं बटण लावलं, पिशवी भरली आणि मुडबीला निघून गेली. "तूर बघायला जाते," एवढंच म्हणाली.

त्यात तपासणीला डॉक्टरनी कागदावर दोन माणसं काढली. एक वाकलेला, मान वर काढलेला. त्यावर फुली. दुसरा खुर्चीत बसल्यासारखा सरळ. त्यावर बरोबरची खूण. म्हणाले, तीन महिन्यांनी सायकल चालवायला हरकत नाही, पण ह्या दुसऱ्यासारखी. वाकडं हँडल कायमचं बंद. सरळ हँडल लावा.

सुजाता म्हणाली, "चला, सुटलो. लावा शिधं हँडल."

मी म्हणालो, "शिंगं काढली की मेंढ्याची शेळी होतीय. शेळीवर मी बसत नाही."

"मग भंगारात द्या."

"दे."

रागात म्हणालो. तीन दिवस जेवण गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. मुडबीची तूर बीदरच्या बाजारात नेणारा टेम्पो. पुढच्या सीटवरून शेवंता उतरली. मागं तुरीच्या पोत्यांवर, गोधडीत गुंडाळून दाव्यानं बांधलेला मेंढा.

चाळीस वर्षं जिनं त्याला शिव्या घातल्या तिनं!

मी म्हणालो, "हे कामून आणलंस?"

ती म्हणाली, "भंगारवाला आल्ता घरी. सुजीनं धाडला व्हता. त्यानं शिंगाला धरून तराजूवर टांगला. मला बघवलं न्हाई." मग टेम्पोवाल्याला म्हणाली, "उतरव बाबा हळू," आणि माझ्याकडं न बघता, "माणसाची मान कापून शिवली तरी माणूस माणूसच ऱ्हातंय. मेंढ्याची शिंगं काढली तर काय व्हतंय? तुम्हीच सांगा. पट्टा घातल्यावर तुम्ही शेळी झालाव का?"

सुजाता फिदीफिदी हसली. मी मेंढ्यावरची गोधडी बाजूला केली.

खाजा उस्ताद

आता मजेची गोष्ट. बीदरला खाजा उस्ताद हा माझा जुना मिस्त्री. मेंढ्याची सगळी हाडं त्याला पाठ. मी पट्टा घालून दुकानात गेलो, शेवंता मेंढा ढकलत मागं. उस्तादनं पाना खाली ठेवला.

"क्या अण्णा! मेंढेके सींगां काटनेके हैं?"

"हौ."

"सोंच लेव. बाद में रोना नक्को."

"तू काट. मैं देखतूं."

लोक म्हणतात हँडल बदलणं म्हणजे एक काढायचं, दुसरं घालायचं. खोटं! मला वाटलं नव्हतं इतकी गंमत त्यात असेल. शिंगावरची पट्टी उस्तादनं सोडली तर खाली माझ्या चाळीस वर्षांच्या घामानं लोखंड खाल्लेलं. मग कळलं की शिधं हँडल मधे बारीक आहे, आणि मेंढ्याची हँडल धरणारी दांडी, तिचं तोंड मोठं. बसतंय पण फिरतंय. उस्तादनं पावडरच्या डब्याचा पत्रा कापला, कडा घासल्या, कड्यासारखा गुंडाळला आणि मधे घातला. कसलं. मग स्वतः हँडलला लोंबकळला, दोन्ही पाय वर घेऊन! हललं नाही. मी म्हणालो, परत लोंबकळ. परत लोंबकळला. शेवंता म्हणाली, "आता तुम्ही लोंबकळू नका म्हंजे झालं."

मग ब्रेक. रेसच्या ब्रेकच्या वायरीचं डोकं हरभऱ्यासारखं, शिध्या हँडलच्या ब्रेकचं ढोलकीसारखं आडवं. जुनी वायर नव्या ब्रेकमध्ये अडकतच नाही. नव्या वायरी घातल्या. मी बाकड्यावर बसून ब्रेक दाबून बघायलो. कडक. बोटांना दाबेना. उस्तादनं वायर जरा ढिली केली, ब्रेकची मूठ जवळ घेतली. परत दाब. परत ढिली. असं सात-आठ वेळा, माझ्या चार बोटांना पटेपर्यंत. कुण्या डॉक्टरनं माझा हात एवढा निरखून बघितला नसेल. दांडी चार बोटं वर काढली. जाड रबराच्या मुठी घातल्या.

शेवटी त्यानं खणातून घंटी काढली.

मी म्हणालो, "रेसके सायकलकू घंटी नै रैती." मी रस्त्यावर ओरडतच जायचो, चाळीस वर्षं.

"अब रेस कां है, अण्णा? बायां हात में जोर आनेकू होना ना?" आणि डाव्या हातात जोर यावा म्हणून डाव्या मुठीशेजारी घंटी आवळली. डावा अंगठा, आणि त्याच्या शेजारचं बोट. अजून तसंच, असं मी डॉक्टरला रोज सांगायचो ती दोन.

शिंगं मी घरी आणली. आता ती मुडबीला गोठ्याच्या भिंतीला ठोकलीत. शेवंता त्यावर दावी अडकवते.

वर बघितलं

तीन महिने झाले, पट्टा निघाला, डॉक्टरांची परवानगी मिळाली. सुजाताची एक अट होती: "वरचं बटण सोता लावाल त्या दिवशी मेंढ्याच्या कुलपाची चावी." मी अकरा दिवस बटणाशी झुंजलो. बाराव्या दिवशी लागलं. खालचं वर लागलं होतं, पण तिनं तेवढं सोडून दिलं.

मेंढ्यावर बसलो. पाठ सरळ, हात रुंद, जणू बैलगाडीत बसलोय. पहिल्या दहा पॅडलला लाज वाटली. मग मैलूरच्या गल्लीतून जाताना एका माणसानं हात वर केला. मग एका बाईनं मान हलवली. पानवाला म्हणाला, "जय भीम, अण्णा!" मी दचकलो. म्हणालो, आज सगळे कामून बोलायलेत?

मागून लेक स्कूटीवर येत होती. ती म्हणाली, "अप्पा, ते कायमच बोलतेत. मुडबीहून मेंढ्यावर माझ्याकडं यायचाव तवा बी बोलायचे. तुम्ही मुंडी खाली घालून जायचाव, तुम्हाला दिसायचे न्हाईत. लोक म्हणायचे, अण्णाला लई घमेंड."

चाळीस वर्षं मला वाटायचं, लोक मला मान देत नाहीत. आणि मी समोरचं चाक आणि खडी सोडून काही बघितलंच नव्हतं!

त्याच सायकलीवरून मी शेवटच्या तपासणीला गेलो, मागं स्कूटीवर लेक. हँडलला शेवंतानं दिलेली डब्याची पिशवी, गुडघ्याला न लागता लटकलेली. दवाखाना फार लांब नाही, तरी मला वाटलं हैद्राबाद गाठलं. मूठ मोजली. अठरा. भालकीचे मास्तर तिथंच भेटले, सतरा. (या वेळी त्यांनी पूर्ण उघडली.)

डॉक्टरांनी विचारलं, "जोमु इदेया?"

खोलीतली सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. नर्सबाईंनी ओठ दाबून धरले. मागचा मी असतो तर म्हणालो असतो, इल्ल, सगळा गेला. तेच म्हणायचं ठरवूनही आलो होतो.

मी म्हणालो, "स्वल्प इदे, सर." थोडा आहे. "डाव्या हाताची दोन बोटं. अंगठा तर लाकूडच."

डॉक्टर म्हणाले, ही दोन कदाचित अशीच राहतील. मी म्हणालो, राहू द्या. ज्याला ज्याला हे वाचून उपयोग होणार आहे त्याला माझं एवढंच सांगणं: डॉक्टरला आपल्या भाषेत सांगा, खरं सांगा, आणि सोबत लेक न्या.

डॉक्टर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मत्ते... मराठी जोमु?" आणि मराठीवाला?

मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. फाटकाजवळ मेंढा उभा होता. सुजाताला वाटलं मी चालवून दाखवतो, ती धावत आली. मी चढलो नाही. फक्त डावा अंगठा घंटीवर ठेवला. बापानं ज्याला शाई लागू दिली नाही तो अंगठा. आणि ढकलला.

अंगठ्याला काहीच कळलं नाही. पण घंटी वाजली. पार रस्त्यापलीकडच्या माणसानं वळून बघितलं.